वजा सहा शेजारच्या रानात

मागल्या दसऱ्याच्या आधी आमचा बटाटा रानडुकरांनी काढला. आम्ही काढणार होतो त्याच्या चार दिवस अगोदर. सरीच्या सरी उकरलेल्या, अर्धवट चावलेले बटाटे इकडंतिकडं पडलेले, आणि बांधावर हात मागं बांधून उभे आण्णा, माझे सासरे. शिव्या देऊन झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता कुंपण."

पुसेगावपासून थोड्या अंतरावर आमचं रान आहे. मी आणि नवरा साताऱ्यात असतो, मी माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. रान बघतात ते आण्णा आणि धाकटे दीर. त्यामुळे कुंपणाच्या कामात माझा संबंध पैसे पाठवण्यापुरताच यायचा होता. पण ठेकेदाराचं अंदाजपत्रक दिरांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि माझी झोप गेली. त्यात लिहिलं होतं, जाळी १२६० रनिंग फूट.

"भाऊजी, हे १२६० आलं कुठून?"

"त्यांनी मोजलं वहिनी. फोनवर नकाशा काढला, लांबी घेतली, रुंदी घेतली, दुप्पट केली."

लांबी ३५८ फूट, रुंदी २७२ फूट. बेरीज ६३०, दुप्पट १२६०. गुणाकार-बेरजेत चूक नाही. फक्त आमचं रान आयत नाही. त्याला सहा कोपरे आहेत, आणि त्यातला एक आत घुसलेला आहे, कारण आजेसासऱ्यांच्या वाटणीत विहिरीलगतचा तुकडा त्यांच्या भावाकडं गेला.

मी ठेकेदाराला फोन केला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, कोपरा कापलेला असला तरी तार तेवढीच लागते. वीस वर्षं करतोय." आणि गंमत म्हणजे हे अर्धं बरोबर आहे. वहीच्या चौकोनांवर एक आयत काढा आणि त्याचा एक कोपरा चौकोनांच्या रेघांवरूनच आत कापून टाका. जेवढी आडवी रेघ वरून गेली तेवढीच खाली आली, जेवढी उभी उजवीकडून गेली तेवढीच आत आली. घेर तोच राहतो, क्षेत्र मात्र कमी होतं. नववीच्या वर्गात हे दाखवलं की पहिल्या वेळी मुलं विश्वास ठेवत नाहीत, बोटानं मोजून बघतात. तेव्हा वीस वर्षांच्या अनुभवाला मी नावं ठेवणार नाही. पण हे खरं ठरतं ते सगळ्या बाजू एकमेकींना काटकोनात असतील तरच. प्लॉटिंगच्या जागेत असतात. आमच्या आजेसासऱ्यांनी आणि त्यांच्या भावानं वाटणी करताना हातात काटकोन तपासायचा गुण्या धरलेला नव्हता.

मे महिन्यात सुट्टी लागली तशी मी तीस मीटरचा टेप, खुंट्या, सुतळी आणि फक्कीची पिशवी घेऊन गावी गेले. जाऊबाई हसल्या. आण्णा म्हणाले, "मास्तरीणबाई, रान काय फळा आहे काय?"

तो फळाच होता. नांगरट झालेली, आत एक पान उभं नाही. बांध मात्र घाणेरी, बाभूळ आणि घायपातानं गच्च. आता कुणी विचारेल की सहा बाजू सरळ टेपनं मोजायच्या, भूमितीचं अवडंबर कशाला? तर कशासाठी ते हेच. बांधावरून टेप सरळ जातच नाही. बाभळीला वळसा, वारुळाला वळसा, आणि उत्तरेच्या अंगाला ओढा. आतली मोकळी जमीन मोजायला सोपी आणि कडा मोजायला अवघड, अशी स्थिती असेल तर कोपऱ्यांचे निर्देशक, म्हणजे एका ठरावीक बिंदूपासूनची आडवी-उभी अंतरं, घ्यावेत आणि कडा घरी बसून काढाव्यात. दुसरंही एक कारण होतं. सहा बाजूंच्या लांब्या कळल्या म्हणून आकार कळत नाही. सहा काड्या खिळ्यांनी जोडल्या तर त्या हव्या तशा वाकतात. निर्देशक असले की घेरही निघतो, क्षेत्रही निघतं, आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघता येतं.

दक्षिणेचा, म्हणजे कागदावर खालचा, बांध तेवढा स्वच्छ आणि सरळ होता. त्याच्या पश्चिम टोकाला जुना हद्दीचा दगड आहे. तो आमचा आरंभबिंदू, (०, ०). तिथून पूर्वेकडं बांधालगत सुतळी ताणली, तो एक्स-अक्ष. मग प्रत्येक कोपऱ्यावर पुतण्याला काठी देऊन उभा केला आणि सुतळीवर तो कोपरा काटकोनात कुठं उतरतो ते शोधलं. पुस्तकात याला लंबपाद म्हणतात. काटकोन लावायला गवंड्याचं तीन-चार-पाच (या बाजूंच्या त्रिकोणात काटकोन येतोच), फक्त मोठ्या मापाचं: सुतळीवर ६ मीटर, वर ८ मीटर, तिरकस १०. टेप एकच असल्यानं आणि ढेकळांत पाय मुरगळत असल्यानं सकाळी सात ते साडेअकरा हे चाललं.

ही पद्धत काही माझी नव्हे. जेवणानंतर आण्णांनी ट्रंकेतून वाटणीच्या वेळच्या मोजणीची नक्कल काढली आणि मी बघतच राहिले. मधोमध एक रेघ, तिच्यावर अंतरं, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना काटकोनात काढलेल्या आडव्या रेघांवर अंतरं. हा तर आलेख कागदच, चौकोन नसलेला. मोजणीवाले यातल्या आडव्या मापाच्या कामाला शंकू टाकणं म्हणतात. अंतरं साखळी आणि आण्यात: एक साखळी म्हणजे ३३ फूट, तिचे सोळा आणे, आणि साखळीच्या चौरसाचा एक गुंठा. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून इंग्रजांनी आपल्याकडं जी मोजणी सुरू केली तिच्या मागोमाग हे सगळं गावोगाव रुजलं. फ्रेंच गणिती देकार्तनं १६३७ साली बिंदूला आकड्यांची जोडी दिली असं मी दर वर्षी वर्गात सांगते. इतकी वर्षं ट्रंकेत तीच गोष्ट साखळी-आण्यात पडून होती आणि मी सुट्टीत येऊन शेवया करत होते.

नकलेत खालचा बांध ९ साखळी ९ आणे होता. हिशेब केला तर ९६ मीटर आणि वर अठरा सेंटिमीटर. आमचा टेप म्हणत होता ९६. आण्णांनी माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. त्यांच्या वडिलांची मोजणी बरोबर होती म्हणून, माझी नव्हे.

तर आमचे सहा कोपरे, मीटरमध्ये, ज्या क्रमानं चालत जाल त्या क्रमानं:

अ (०, ०), ब (९६, ०), क (१०३, ४१), ड (६२, ५०), इ (५८, ८३), फ (−६, ७४).

क्रमाला महत्त्व आहे. मुलं बिंदू ठिपक्यांसारखे मांडतात आणि मनाला येईल तसे जोडतात, मग रेघा एकमेकींना छेदतात आणि घेर म्हणून भलतंच काहीतरी येतं. कुंपणवाला असा कधी चुकणार नाही, कारण तो चालतो.

शेवटच्या बिंदूचा वजा सहा बघा. फ हा कोपरा दगडाच्या पश्चिमेला कलला आहे, त्यामुळे त्याचा लंबपाद आमच्या सुतळीवर पडतच नव्हता. सुतळी दगडाच्या मागं, शेजारच्या रानात सहा मीटर वाढवावी लागली. शेजारी बांधावर येऊन उभे राहिले. "काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही काका, वजा सहा मोजतेय." त्यांना ते फारसं पटलं नाही. वाटणी-हद्दीच्या बाबतीत सुतळी दुसऱ्याच्या रानात गेली की माणसं दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं जातात. दिरांनी चहाला बोलावून विषय मिटवला.

आता एका बाजूची लांबी. ब ते क घ्या. आडवं अंतर १०३ वजा ९६, म्हणजे ७. उभं ४१. या दोन काटकोनातल्या बाजू, बांध हा कर्ण. ७ चा वर्ग ४९, ४१ चा १६८१, बेरीज १७३०, वर्गमूळ ४१.५९. दहावीत याला अंतराचं सूत्र म्हणून चौकटीत छापतात आणि मुलं ते मंत्रासारखं पाठ करतात, चिन्हं उलटसुलट करून. मला भास्कराचार्यांचे लीलावतीतले तीन शब्द जास्त आवडतात: तत्कृत्योर्योगपदं कर्णः। त्या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ म्हणजे कर्ण. यात एक्स नाही, वाय नाही, पायात घालायचे छोटे एक-दोन नाहीत.

बाकीच्या बाजू भरभर: अ-ब ९६. क-ड ४१.९८. ड-इ ३३.२४. इ-फ ६४.६३. आणि फ-अ ७४.२४. ही शेवटची बाजू विसरणारी दर वर्गात चार-पाच मुलं असतातच. सहा बिंदू, पाच बेरजा, आणि घर गाठायच्या आधीच थांबतात. सगळी बेरीज ३५१.६८ मीटर. फुटांत ११५४.

ठेकेदाराचे १२६०, आमचे ११५४. फरक १०६ फूट.

इ-फ या बाजूवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण परीक्षेत नेमकी तिथंच मुलं कोलमडतात. आडवं अंतर ५८ वजा (−६). म्हणजे ६४. पण घाईत ५८ मधून ६ जातात आणि ५२ लिहिलं जातं. मग बाजू येते ५२.७७. कागदावर एक गुण गेला. रानात काय गेलं? जवळजवळ १२ मीटर, म्हणजे ३९ फूट, जाळीशिवाय उघडे, तेही ओढ्याच्या बाजूला, जिकडून डुकरं येतात. मी आता वर्गात ऋण चिन्ह समजावताना संख्यारेषा काढत नाही. दगड काढते, त्याच्या डावीकडं शेजाऱ्यांचं रान काढते आणि विचारते, शेजारच्या सहा पावलांपासून आपल्या अठ्ठावन्नाव्या पावलापर्यंत किती चालाल?

क्षेत्राची पडताळणी तिरक्या गुणाकारांनी केली: प्रत्येक कोपऱ्याचा एक्स पुढच्याच्या वायनं गुणायचा, त्यातून पुढच्याचा एक्स गुणिले याचा वाय वजा करायचा, आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. बेरीज १३५८०, तिचं निम्मं ६७९० चौरस मीटर. सातबाऱ्यावर ०.६८ हेक्टर. आण्णांच्या भाषेत एक एकर सत्तावीस गुंठे. या क्षणी जाऊबाईंनी दुसरा चहा आणला, न मागता.

पुतण्या डिप्लोमाला आहे, त्याला माझी सुतळी बघवत नव्हती. त्यानं सकाळीच फोन हातात धरून बांधाबांधानं एक फेरी मारली होती. त्याच्या अॅपनं घेर सांगितला ३८० च्या वर. त्याचं कारण कळायला सोपं आहे. मोकळ्या आभाळाखाली फोन तीन ते पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो, तुम्ही सरळ चाललात तरी त्याच्या लेखी तुम्ही नागमोडी चालता, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. मग त्यानं शहाणपणानं फक्त सहा कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेतले, ते अंतराच्या सूत्रात घातले आणि आलेल्या अंशांना १११ किलोमीटरनं गुणलं. आलं ३६५ च्या आसपास.

"काकी, तुमचा टेप सैल असेल."

टेप सैल नव्हता. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर हे खरं, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावरच तेवढा असतो. उत्तरेला सरकत जाल तसे रेखांश एकमेकांजवळ येतात, ध्रुवावर एका बिंदूत मिळतात. आमच्याकडं, साडेसतरा अंशांच्या जरा वर, रेखांशाचा एक अंश जेमतेम १०६ किलोमीटर भरतो. म्हणजे त्याच्या आलेख कागदावर चौकोन चौरस नव्हतेच, आडवे आखूड होते, आणि तो त्यांना चौरस समजून मोजत होता. नुसत्या खालच्या बांधावर ९६ चे शंभराच्या वर गेले. आडव्या अंतरांना १०६ आणि उभ्यांना १११ लावून त्यानं पुन्हा हिशेब केला, तेव्हा तो ३५५ वर उतरला. फोनच्या मानानं छानच. मोजणी खात्याची यंत्रं ही भानगड टाळायला यूटीएमचे, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा सपाट कागदावर मांडणाऱ्या पद्धतीचे, मीटर वापरतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ४३ व्या पट्ट्यात आणि ७८ रेखांशापलीकडचा, नागपूरसकट, ४४ व्या. पुतण्याला हे सांगितल्यावर त्यानं फोन खिशात घातला आणि दुपारी माझ्याबरोबर खुंट्या ठोकल्या.

उताराची शंका दिरांनी काढली, आणि ती रास्त होती. आमचा सगळा हिशेब सपाट कागदावरचा, आणि रान ओढ्याकडं चार मीटर उतरतं. फ-अ ही ७४ मीटरची बाजू त्या उतारावर आहे. चारचा वर्ग १६, तो त्या बाजूच्या वर्गात, ५५१२ मध्ये, मिळवला, मूळ काढलं: ७४.३५. अकरा सेंटिमीटरचा फरक. एक वीतही नाही, अर्धी. मला स्वतःला जास्त वाटलं होतं.

पण त्या दिवशी खरी चर्चा झाली ती विहिरीच्या कोपऱ्यावर, म्हणजे ड या बिंदूवर. वाटणी झाली नसती तर क पासून सरळ इ पर्यंत बांध गेला असता. आडवं ४५, उभं ४२, वर्गांची बेरीज ३७८९, लांबी ६१.५५. आज क-ड आणि ड-इ मिळून ७५.२२. आणि मधला त्रिकोण किती? ६५८ चौरस मीटर, साडेसहा गुंठे.

मी हे आण्णांना वाचून दाखवलं. साडेसहा गुंठे गेले आणि कुंपण पंचेचाळीस फूट वाढलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि विहीरबी गेली."

सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, घेर कुठंच लिहिलेला नसतो. वाटणीत सगळे भांडतात ते गुंठ्यांवरून, आणि गुंठे सारखे वाटले की न्याय झाला असं मानतात. शंभर मीटर बाजूचं चौरस रान धरा. घेर चारशे. चार भावांत चार चौरस केले तर प्रत्येकाला दोनशे, चौघांचे मिळून आठशे. पण चौरस कुणी करत नाही. प्रत्येकाला रस्त्याला तोंड हवं आणि पाटाचं पाणी हवं, म्हणून उभ्या पट्ट्या पाडतात, शंभर बाय पंचवीस. एकेकाचा घेर अडीचशे, चौघांचा हजार. जमीन इंचभर वाढली नाही आणि कुंपण, जर प्रत्येकानं आपापलं घातलं तर, अडीचपट झालं. आमच्या गावातल्या काही पट्ट्या आता एवढ्या अरुंद आहेत की ट्रॅक्टर वळवायला शेजाऱ्याची परवानगी लागते. तिथं कुंपणाचा खर्च काढला तर पिकाला पुरून उरेल, म्हणून तिथं कुणी कुंपण घालत नाही, आणि डुकरांना हे बरोबर माहीत आहे.

ठेकेदाराला आकडे दाखवले. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, खांब कसे धरले?" प्रश्न चांगला होता. दहा फुटांवर एक खांब म्हणून मी ११५४ ला दहानं भागून ११६ मांडले होते. पण खांब प्रत्येक कोपऱ्यावर लागतोच, त्यामुळे प्रत्येक बाजू वेगळी भागायची आणि वरचा पूर्णांक घ्यायचा: ३२, १४, १४, ११, २२, २५. बेरीज ११८. दोन खांब मी खाल्ले होते. मी ते मान्य केलं, त्यानं १०६ फूट मान्य केले. रोकडा व्यवहार.

ओढ्याच्या बाजूला जाळी ओढ्याच्या काठाकाठानं न नेता सरळ नेली, थोडी जमीन बाहेर सोडून. काठ धरून गेलं असतं तर जितके जास्त खांब तितकी जास्त लांबी, त्याला अंत नाही.

जोडणीला म्हणून सहा फूट वाढवून ११६० फूट जाळी मागवली. काम पाच दिवसांत झालं. शेवटी पंधरा फूट उरली. आण्णा म्हणाले, "सहा म्हणाली होतीस ना?" मी म्हटलं, जाळी ताणली की वाढते. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. उरलेल्या तुकड्याचा त्यांनी कोंबड्यांसाठी खुराडा केला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दहावीच्या वर्गात निर्देशक भूमितीला अजून वेळ होता, पण मला राहवेना. फळ्यावर सहा बिंदू मांडले आणि म्हटलं, या रानाला किती जाळी लागेल ते काढा. वीस मिनिटं खडूचासुद्धा आवाज नाही. सातआठ जणांनी ३५१.६८ बरोबर काढलं, तिघांनी वजा सहा खाल्ला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र वही न दाखवता नुसती बसली होती. तिचे वडील फॅब्रिकेशनचं काम करतात.

"काय गं, झालं का?"

"बाई, फाटक किती फुटांचं?"

बारा फुटांचं.